एस्टोनियातील रशियनभाषक तरुणांची राष्ट्रीय ओळख

एस्टोनिया या बाल्टिक देशात रशियन मातृभाषेत वाढलेल्या, पण रशियात कधीच न राहिलेल्या पिढीची स्वतःच्या राष्ट्रीयत्वाविषयीची जाणीव. मराठीत ‘रशियन’ हा एकच शब्द वंश, भाषा आणि नागरिकत्व या तिन्हींसाठी चालतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो. रशियन भाषेत वंशाने रशियन तो ‘रुस्की’, रशियाचा नागरिक तो ‘रोसियानिन’. राजधानी ताल्लिनमध्ये जन्मलेली रुस्की मुलगी रोसियानिन असेलच असे नाही. शिवाय घरी रशियन बोलणाऱ्यांत युक्रेनियन, बेलारुसी आणि ज्यू कुळांतलेही पुष्कळ आहेत.

१९३४ मध्ये देशात रशियन वंशाचे लोक जेमतेम ८ टक्के होते. १९८९ पर्यंत ते सुमारे ३० टक्के झाले. रशियाच्या सीमेवरचे नार्वा शहर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, बेचिराख झाले. जुन्या रहिवाशांना परतू दिले गेले नाही आणि सोव्हिएत संघाच्या इतर भागांतून कारखान्यांसाठी कामगार आणले गेले. आज तिथले ९० टक्क्यांहून अधिक लोक रशियनभाषक आहेत. नदीपलीकडे दिसणारा इवानगोरोदचा किल्ला रशियात आहे.

१९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा १९४० च्या सोव्हिएत कब्ज्यापूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व मिळाले. इतरांना भाषेची परीक्षा द्यावी लागली. ज्यांनी ती दिली नाही आणि रशियाचे नागरिकत्वही घेतले नाही, त्यांच्या हाती आला ‘करडा पासपोर्ट’, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्यांचा प्रवासाचा दस्तऐवज. त्याची एक गंमत होती : २००८ पासून करडा पासपोर्टवाल्याला रशियात व्हिसा लागत नसे, एस्टोनियन नागरिकाला मात्र लागे. त्यामुळे अनेकांनी परीक्षेची घाई केली नाही. अशा पालकांच्या तिथे जन्मणाऱ्या मुलांना २०१६ पासून जन्मतःच नागरिकत्व मिळू लागले.

या दुहेरीपणाचे घरगुती रूप ३१ डिसेंबरला दिसते. रात्री ११ वाजता मॉस्कोत बारा वाजतात, तेव्हा आजीआजोबांसोबत पहिला पेला. तासाभराने स्थानिक वेळेनुसार दुसरा. नातवंडांना दोन्ही नववर्षे आपलीच वाटतात, आणि यात निष्ठेचा प्रश्न शोधणे उथळपणाचे आहे.

तरीही प्रश्न विचारला जातोच. २००७ मध्ये ताल्लिनमधला सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा हलवला तेव्हा दंगली उसळल्या. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर नार्वाचे रणगाडा-स्मारक काढले गेले. २०२३ पासून दर ९ मेला इवानगोरोदच्या काठावर नार्वाकडे तोंड करून दुसऱ्या महायुद्धातील विजयदिनाचा जलसा होतो आणि नार्वाच्या काठावर लोक तो ऐकायला जमतात. रशियन माध्यमाच्या शाळा २०२४ पासून टप्प्याटप्प्याने एस्टोनियन होत आहेत. भाषा शिकायला बहुतेक तरुणांचा विरोध नाही. सलते ते उच्चारावरून रोज होणारे वर्गीकरण.

२०२५ च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत एस्टोनियातर्फे उतरला तो ताल्लिनच्या रशियनभाषक घरात वाढलेला टॉमी कॅश. त्याने देशाला तिसरा क्रमांक मिळवून दिला. गाणे होते मोडक्यातोडक्या इटालियन-इंग्रजीत.