देवाची सत्ता आणि मंडळीचे पुढारी

ख्रिस्ती शिकवणीनुसार बिशप, धर्मगुरू, पाळक किंवा मंडळीतील वडील यांचा अधिकार त्यांच्या मालकीचा नसतो. तो देवाने सोपवलेला असतो आणि त्याचा हिशेब देवालाच द्यावा लागतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (१३:१७) पुढाऱ्यांचे ऐकण्याची आज्ञा आणि पुढाऱ्यांच्या या जबाबदारीची आठवण एकाच वचनात आली आहे. त्यातला पहिला भाग तेवढा उचलणे म्हणजे शास्त्राचा अर्धाच अर्थ सांगणे होय.

या विचाराचे सर्वांत कठोर रूप जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात आढळते. इस्राएलाचे मेंढपाळ, म्हणजे लोकांचे पुढारी, कळपाची लोकर पांघरतात, पुष्ट मेंढरे कापून खातात. दुबळ्यांना मात्र बळ देत नाहीत, हरवलेल्यांना शोधत नाहीत. म्हणून देव कळप त्यांच्या हातून काढून घेतो आणि स्वतः त्याचा सांभाळ करण्याचे वचन देतो. नव्या करारात पेत्राचे पहिले पत्र ख्रिस्ताला 'मुख्य मेंढपाळ' म्हणते आणि वडिलांनी कळपावर धनीपणा करू नये, असे बजावते.

येशूचा प्रमुख शिष्य व प्रेषित असलेला खुद्द पेत्रही या जबाबदारीतून सुटला नाही. अंत्युखियात तो परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे; यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक येताच त्यांच्या भीतीने तो दूर राहू लागला. प्रेषित पौलाने सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली (गलती २:११-१४). प्रेषिताचे पदही सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाच्या, कसोटीपेक्षा मोठे ठरले नाही.

हा अधिकार प्रत्यक्षात कसा चालतो, याविषयी पंथांत मतभेद आहेत. कॅथलिक चर्चने १८७० मध्ये पोपच्या विशिष्ट अधिकृत शिकवणीला अचूकतेचा दर्जा दिला. पण १९६५ च्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात चर्चचा शिक्षणाधिकार देवाच्या वचनाहून श्रेष्ठ नसून त्याचा सेवक आहे, असे स्पष्ट केले. प्रोटेस्टंट परंपरेत पवित्र शास्त्र हीच अंतिम कसोटी मानली जाते. जर्मनीतील प्रोटेस्टंटांच्या १९३४ च्या बार्मेन घोषणेने याच आधारावर नाझी विचारसरणीला चर्चमध्ये स्थान नाकारले.

'परमेश्वराच्या अभिषिक्ताला (त्याने निवडून अभिषेक केलेल्याला) हात लावू नका' हे वचन पुढाऱ्यांवरील टीका थोपवण्यासाठी अनेकदा वापरले जाते. आपला जीव घेऊ पाहणारा शौल राजा हाती सापडला असतानाही दाविदाने त्याच्यावर हात उगारला नाही, हे खरे. परंतु त्याच प्रसंगी (१ शमुवेल २४) दाविदाने शौलाचा अन्याय त्याच्या तोंडावर बोलून दाखवला आणि दोघांमधील निवाडा परमेश्वरावर सोपवला.