कारखाना १९९६ ला बंद, गाडी अजून किकवर: जुनी येझडी उभी करण्यामागची पार्श्वभूमी

सेकंडहँड येझडी मोटरसायकल घ्यायची म्हटलं की घरचे पहिला प्रश्न हाच टाकतात, कंपनीच राहिली नाही तर सामान कुठून आणणार? प्रश्न चुकीचा नाहीये. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तेव्हा जन्मलेली पोरं आता लग्नाची झाली, आणि तरी पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात रविवारी सकाळी तो दोन सायलेन्सरचा आवाज येतोच. हे कसं काय जमलं ते कळायला जरा लांबून यावं लागतं.

सुरुवात चेकोस्लोव्हाकियातून. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ ला वांडरर या जर्मन कंपनीचं मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून गाडीला नाव दिलं. चेक लोक ते 'यावा' असं म्हणतात, आपण इंग्रजी अक्षर दिसलं तसं वाचलं आणि ती कायमची जावा झाली. पन्नाशीच्या दशकात या गाड्या मुंबईमार्गे तयारच आयात व्हायच्या. मग परकीय चलन वाचवायचं म्हणून सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर बंधनं आणली, म्हणून मग रुस्तम आणि फारूख इराणी यांनी मैसूरला आयडियल जावा कंपनी काढली आणि १९६१ पासून गाडी तिथेच बनायला लागली. १९७३ पासून टाकीवरचं जावा गेलं आणि येझडी आलं. नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आहे असं काहीजण सांगतात, काहीजण म्हणतात चेक भाषेत 'येझ्दी' म्हणजे 'चालते', तो शब्द. मला दुसरं जास्त आवडतं, पण आवडण्यावर इतिहास ठरत नाही. मशीन मात्र तेच, २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन.

आता या टू-स्ट्रोकवर जरा थांबू, कारण सगळं मूळ इथेच आहे. या इंजिनात व्हॉल्व नाही, कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाही. पेट्रोल-हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर टाकायचा हे काम पिस्टन स्वतःच वर-खाली होताना सिलिंडरमधली भोकं उघडून-झाकून करतो. ऑइलचा वेगळा पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला ४० मिली या हिशोबाने म्हणजे १:२५, आणि जुने लोक अजून तेच माप धरून आहेत. हलणारे मोठे पार्ट म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, संपलं. गिअरचीच दांडी आत दाबून फिरवली की किक होते, तेवढा एक पार्ट पण वाचवलाय बघा. अशी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये चार पाने आणि एक पुलर घेऊन दुपारपर्यंत उघडून ठेवता येते, आणि लोकांनी तेच केलं, चाळीस वर्षं.

का केलं, तर दुसरा इलाजच नव्हता. तो लायसन्स-परमिटचा काळ. कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या ते दिल्ली ठरवणार, स्कूटर बुक केली की नंबर यायला वर्षानुवर्षं लागायची, मुलगा झाला तेव्हा बुकिंग आणि तो शाळेत जायला लागला तेव्हा गाडी असे किस्से प्रत्येक घरात आहेत. अशा काळात हातातली गाडी कोण टाकणार? बुलेटचंही तेच, मद्रासला १९५५ पासून बनायला लागलेली गाडी तिकडे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली तरी इकडे चालू राहिली. राजदूत मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली, तिला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून गवळ्यांनी जे हाल केलेत त्याला तोड नाही, आणि तरी ती चाललीच. गाडी बिघडली की दुरुस्त, परत बिघडली की परत दुरुस्त, आणि या सगळ्यातून गावोगावी एक माणूस तयार झाला ज्याला आपण फिटर म्हणतो किंवा मेस्त्री म्हणतो, ज्याने पुस्तक कधी वाचलं नाही पण आवाज ऐकून सांगतो की बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) गेलाय.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. तिथे शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं बनायची, त्यामुळे फाउंड्र्या होत्या, उद्यमनगरात लेथ होते, बोअर करणारे होते. पंपाच्या इंजिनाचं काम करणाऱ्या हाताला ६५ मिलिमीटरचं येझडीचं बोअर म्हणजे काय अवघड? बोअर झिजलं की पाव मिलिमीटर वाढवायचं, त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, तो झिजला की अर्धा, मग पाऊण, मग एक, आणि तेही संपलं की स्लीव्ह मारून (आत नवीन नळी बसवून) परत स्टँडर्डवर यायचं. एकाच ब्लॉकवर असं दोन-तीन पिढ्या चालतं. क्रँकचं पण तसंच, तो दाबून बसवलेला असतो, प्रेसवर खोलायचा, कनेक्टिंग किट नवीन टाकायचं, परत दाबायचा आणि डायल लावून तो सरळ फिरतोय का बघायचं. हे शेवटचं काम जो नीट करतो त्याच्याकडे लांबून लांबून लोक येतात, बाकी ठोकाठोकी करणारे गल्लोगल्ली आहेत.

पुण्यात सामानाची पेठ म्हणजे नाना पेठ, आणि जुनं काही हवं असेल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे मी एका माणसाला जुन्या जाहिराती बघाव्या तसा एक-एक डायनॅमो हातात घेऊन बघताना पाहिलंय, तासभर, आणि शेवटी काहीच न घेता गेला. कळतं मला ते.

मग घसरण कशी झाली. १९७३ नंतर पेट्रोल महागत गेलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सरकारने जपानी कंपन्यांबरोबर भागीदारीला परवानगी दिली. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडा सीडी १०० आणि त्याच वर्षाच्या शेवटी यामाहा आरएक्स १००, लगेच १९८६ ला बजाजची कावासाकी. सगळ्या १०० सीसी. हिरो होंडाने तर पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा अशीच जाहिरात केली, आणि फोर-स्ट्रोक असल्यामुळे अ‍ॅव्हरेज असं की येझडीवाला लिटरला तिशीच्या आसपास खेळत होता तो त्या गाडीकडे बघून गप्प बसायचा. विसरून जा हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण येझडी ही विसरायची गाडीच नव्हती, तिला दर काही हजार किलोमीटरला सायलेन्सर खोलून कार्बन काढावा लागायचा, ठिणगीचे पॉइंट घासावे लागायचे, सहा व्होल्टच्या हेडलाइटमध्ये रात्री घाट उतरायचा म्हणजे देवाचं नाव घेऊन. नोकरीवर जाणाऱ्या माणसाने सीडी १०० घेतली यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. वर प्रदूषणाचे नियम आले, १९९६ ला ते आणखी कडक झाले, कारखान्यात कामगारांचे वाद होतेच, आणि मैसूरला टाळं लागलं. गंमत म्हणजे आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच १९९६ ला थांबलं, फक्त तिच्या मागे आरएक्स १३५ होती, येझडीच्या मागे कुणी नव्हतं.

त्यानंतरची आठ-दहा वर्षं वाईट गेली. चालू येझडी लोकांनी भंगारवाल्याला किलोवर दिली, शेतात गोठ्यामागे कडब्याखाली गाडली, टाकीची क्रोम उडाली म्हणून काळा ऑइलपेंट फासला. आज आपण जी गाडी विकत घेतो ती बहुतेक याच काळातून वाचलेली असते, म्हणून तिच्यात काय काय निघतं याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. माझ्या रोडकिंगमध्ये (येझडीचंच एक मॉडेल) एक्झॉस्टच्या जॉइंटला सायकलच्या ट्यूबचा तुकडा निघाला होता, अर्धा जळलेला. ज्याने तो लावला त्याला त्या दिवशी घरी पोचायचं होतं, एवढंच.

परत दिवस फिरले ते दोन हजारनंतर. ज्यांच्या वडिलांकडे येझडी होती ती पोरं कमवायला लागली, गावाकडून गाड्या बाहेर निघाल्या, शहराशहरात ग्रुप झाले, जुलैचा दुसरा रविवार जावा-येझडीचा दिवस म्हणून साजरा व्हायला लागला. २०१८ ला जावा हे नाव नव्या कंपनीने परत आणलं, २०२२ च्या जानेवारीत येझडी पण, पण त्या पूर्ण नव्या फोर-स्ट्रोक गाड्या आहेत, त्यांचा एक नट जुन्या गाडीला लागत नाही. नाव परत आल्याने झालं एवढंच की जुनीचा भाव चढला. आरएक्सचं तर विचारूच नका, कागद चांगले असतील तर लाखाच्या पुढे मागतात.

हा सगळा इतिहास माहीत असला की गाडी बघताना नजर बदलते. फिटर लोक सांगतात ते दोन सील लक्षात ठेवा. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात, क्लचच्या बाजूचं गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो जो थांबतच नाही, आणि डायनॅमोच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा ओढतं, गाडी आपोआप रेस होते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि मग एक दिवस पुणे-सातारा रस्त्यावर मागचं चाक अचानक जाम. घेणारा माणूस टाकीची क्रोम बघतो आणि हे बघत नाही. विकणारा धूर दिसला की "टू-स्ट्रोक आहे साहेब, धूर येणारच" म्हणतो. येणारच, पण किती आणि गाडी गरम झाल्यावर पण तेवढाच का, हे विचारा.

नवीन त्रास पेट्रोलचा आहे. जुन्या गाड्या ज्या पेट्रोलवर तयार झाल्या त्यात शिसं असायचं, ते २००० साली देशभर गेलं, टू-स्ट्रोकला त्याने फार बिघडलं नाही. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे आणि हे मात्र जाणवतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की लोखंडी टाकी आतून गंजते, जुन्या रबराच्या नळ्या आणि वायसर फुगतात किंवा कुजतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून जाणते फिटर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघतात, चॉकलेटी आला तर बरोबर, पांढरा आला तर अजून वाढवा. उभी ठेवायची असेल तर टाकीचा नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालू ठेवायची, ही सवय लावून घ्या, फुकट आहे.

आणि कागद. खरं सांगायचं तर आता येझडी लोखंडाने मरत नाही, कागदाने मरते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी पासिंग करून वाढवायची, आपल्याकडे वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून दुचाकीची नूतनीकरणाची फी ३०० ची १००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीला २००० केली. दिल्लीसारखं १५ वर्षांवर बंदच असं महाराष्ट्रात नाही, ही जमेची बाजू. पण जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाडीची नोंद कितीदा ऑनलाइन आलेलीच नसते, ती आधी बॅकलॉगमध्ये, म्हणजे आरटीओकडून जुनी नोंद कॉम्प्युटरवर, टाकून घ्यावी लागते, आणि मूळ मालक वारलेला असला, वारस चार, त्यातला एक सही करायला तयार नाही, की गाडी तुमच्या दारात नुसती शोभेला. २०२१ ला केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी वेगळी काढली, २०,००० रुपये फी आणि नंबरात व्हीए अक्षरं, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणजे रोज दूध आणायला जाणाऱ्यासाठी ती सोय नाहीच.

म्हणून बघायला जाताना पाना नंतर काढा, आधी टॉर्च आणि ओली फडकी न्या. हँडलखाली फ्रेमवर चेसिस नंबर असतो, त्यावर साधारण तीन थर रंग आणि चाळीस वर्षांचा मळ असतो, तो घासून आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवा. माझ्या गाडीचा शेवटचा आकडा ३ आहे का ८ यावर आरटीओच्या खिडकीशी आमची पाऊण तास चर्चा झाली होती. ८ निघाला.