गुडघेदुखीची गोळी मागण्याआधी

गुडघे दुखायला लागले की बहुतेक जण आमच्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर येऊन “मागच्या वेळची ती गोळी द्या, तिनं बरं वाटलं होतं” एवढंच सांगतात. गोळी देण्याआधी आमचे फार्मासिस्ट दोन-चार प्रश्न विचारतात. बीपी आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ॲसिडिटी, अल्सर, किडनीचा काही त्रास? गर्दीच्या वेळी याचा वैताग येतो, हे आम्हालाही कळतं. तरीही ते का विचारतो, ते इथे सांगतो.

पन्नाशीनंतरची गुडघेदुखी बहुधा झिजेची असते. डॉक्टर तिला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरत जाते, मधूनमधून सूज येते, आणि दुखतं म्हणून चालणं कमी केलं की मांडीचे स्नायूही दुबळे पडतात. गेलेली कूर्चा परत आणणारी गोळी आज तरी कुठेच मिळत नाही. दुखणं मात्र नक्की कमी करता येतं.

आधी जेल, मग गोळी

गुडघा कातडीच्या अगदी जवळ असल्यामुळे डायक्लोफेनॅकसारखं पेनकिलर जेल तिथे चांगलं लागू पडतं, आणि रक्तात औषध फार कमी जातं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वंही गुडघ्यासाठी आधी जेलच सुचवतात. अडचण असते ती मात्रेची. एका गुडघ्याला एका वेळी साधारण 2 ते 4 ग्रॅम जेल, दिवसातून तीन-चार वेळा लागतं. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब तीन-चार दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरत असेल, तर जेलचा गुण येत नाही यात नवल नाही. बोटभर जेल म्हणजे नेमकं किती, ते दुकानात दाखवून देऊ. जखमेवर लावू नका, लावल्यावर वरून शेकू नका, आणि हात धुवा.

गोळ्यांचं गणित

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या पेनकिलर गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात. चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि आम्ही देत नाही. पोटात रक्तस्राव होणं, बीपी वाढणं, किडनीवर ताण येणं, हे धोके वय वाढेल तसे वाढतात. बीपीची टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात पेनकिलरची भर पडली, तर किडनीला ते फार जड जातं. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तस्रावाची भीती जास्त.

नेहमी दिसणारा प्रकार असा : हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी एक पाकीट दिलेलं असतं, घरच्या डॉक्टरांनी कंबरेसाठी दुसरं. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण मागे बारीक अक्षरांत दोन्हींवर पेनकिलरच. दोन्ही घेऊन आराम दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढतो. म्हणून येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक असल्या तरी. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषधांबद्दल समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

पावसाळ्यात ताप आला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत गुडघ्याची पेनकिलर थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.

नाव-पत्ता नसलेल्या ‘वाताच्या’ पुड्यांपासून तर लांबच राहा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. चार दिवसांत पळायला लागल्यासारखं वाटतं, पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

सांध्यांसाठी म्हणून घेतलं जाणारं ग्लुकोसामाइन आम्हीही विकतो. पण अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ते न वापरण्याचाच सल्ला दिला आहे. ऐपत ताणून घेऊ नका.

गोळीशिवाय

खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, हळू खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. सुरुवातीला थोडं दुखेल, त्यानं झीज वाढत नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरवल्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. उकिडवं बसणं टाळायला कमोडची खुर्ची मिळते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. तिची उंची आणि नी-कॅपचं माप दुकानातच घेऊ.

इथे थांबू नका, डॉक्टरांकडे जा

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यावर पाय टेकवत नाही, गुडघा मध्येच अडकतो, पोटरी अचानक सुजून दुखते, किंवा पेनकिलर चालू असताना डांबरासारखी काळी शी झाली, लघवी कमी झाली, पावलं सुजली, तर आम्ही गोळी देणार नाही. त्याच दिवशी दाखवा. कुठली औषधं चालू आहेत, त्याची यादी आम्ही लिहून देऊ.