बालरुग्णांमधील औषधजनुकीय चाचणी

बालरुग्णांमधील औषधजनुकीय चाचणी : मुलाच्या जनुकांमधील विशिष्ट फरक तपासून त्याला कोणते औषध द्यावे, किती द्यावे व कोणते टाळावे, हे ठरवण्याची पद्धत. ही चाचणी आजाराचे निदान करत नाही. औषधाचे विघटन करणारी किंवा त्याला शरीरात सक्रिय करणारी विकरे (एंझाइमे) त्या मुलात मंद, सामान्य की अतिजलद चालण्याची शक्यता आहे, एवढेच ती सांगते. त्यासाठी रक्त, लाळ किंवा गालाच्या आतील बाजूचा फाया पुरतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या रक्तात मात्र दात्याची जनुके सापडतात, म्हणून अशा वेळी केवळ रक्ताच्या नमुन्यावर विसंबता येत नाही.

या चाचणीचा सर्वांत भक्कम उपयोग मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे बालवयात सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, दिसून येतो. या आजाराच्या ‘मेंटेनन्स’ (आजार पुन्हा उलटू नये म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांच्या) टप्प्यात मर्कॅप्टोप्युरीन हे औषध अनेक महिने रोज तोंडावाटे द्यावे लागते. त्याचा निचरा करणारे टीपीएमटी हे विकर काही जणांत जवळजवळ नसतेच, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. युरोपीय वंशाच्या सुमारे ३०० व्यक्तींमागे एकात असा पूर्ण अभाव आढळतो. अशा मुलाला नेहमीची मात्रा दिल्यास अस्थिमज्जेचे काम कोलमडते, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो.

भारतीय मुलांत टीपीएमटीमधील दोष तुलनेने विरळ असूनही मर्कॅप्टोप्युरीन न सोसणारी मुले येथे वारंवार दिसत असत. त्याच्या स्पष्टीकरणाचा मोठा भाग एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकात सापडला. २०१४ मध्ये कोरियातील आतड्यांच्या दाहाच्या रुग्णांत आणि पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या मुलांत त्याचा संबंध सिद्ध झाला. त्यातील प्रमुख बदलात प्रथिनाच्या १३९व्या स्थानी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल येते, आणि हा बदल पूर्व आशियात व भारतीय उपखंडात युरोपपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. त्यामुळे पाश्चात्त्य लोकसंख्येसाठी बेतलेली, केवळ टीपीएमटी तपासणारी चाचणी मराठी मुलाच्या बाबतीत ‘सामान्य’ असा अहवाल देऊनही खरा धोका नजरेआड करू शकते.

मात्रेतील फरक किती मोठा असतो, हे प्रत्यक्ष हिशेबातून कळते. शरीराचे पृष्ठफळ ०·६ चौरस मीटर असलेल्या लहान मुलाला प्रति चौरस मीटर ७५ मिलिग्रॅम या दराने रोज ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमची जवळजवळ एक गोळी लागते. एनयूडीटी१५च्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर सुरुवातीसाठी प्रति चौरस मीटर १० मिलिग्रॅमची शिफारस आहे. तेवढ्याच पृष्ठफळाच्या मुलाला मग रोज फक्त ६ मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या आठवड्यात एक गोळीही पुरती नाही. घरी गोळीचा आठवा हिस्सा नेमका कापता येत नाही, म्हणून मात्रेची विभागणी कशी करायची, हे डॉक्टरांनी व औषधनिर्मात्याने (फार्मासिस्टने) पालकांना स्वतः समजावून देणे अत्यावश्यक ठरते. जनुकीय अहवाल हाती आला, तरी नियमित रक्तगणना (सीबीसी) थांबत नाही आणि पुढची मात्रा तिच्याच आधारे कमीजास्त होते.

कोडीन या वेदनाशामकाच्या बाबतीत वेगळा मार्ग निघाला. सीवायपी२डी६ हे विकर या औषधाच्या काही अंशाचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करते. ते अतिजलद चालणाऱ्या मुलात मॉर्फिन साठून श्वास मंदावतो, तर फारच मंद असल्यास वेदना कमीच होत नाहीत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही मुलांच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध ठरवले. प्रत्येक मुलाची चाचणी करण्यापेक्षा औषधच टाळणे येथे अधिक शहाणपणाचे होते.

प्रौढांसाठीचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. जनुक जन्मापासून तेच असते, पण विकरे वयानुसार हळूहळू परिपक्व होतात. नवजात बालकाचे यकृत क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा निचरा पुरेसा करू शकत नाही व त्यातून ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ (बाळाची त्वचा करडी पडणारा जीवघेणा विकार) उद्भवतो. त्यात दोष जनुकाचा नसून वयाचा असतो. म्हणून तान्ह्या बाळाचा ‘अतिजलद’ अहवाल त्या वयापुरता फारसे सांगत नाही.

नवजात विभागात वेळेचा प्रश्न मोठा असतो. मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या घटकातील) डीएनएच्या १५५५व्या स्थानी ए या अक्षराऐवजी जी असलेल्या बाळाला जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाने कायमचे बहिरेपण येऊ शकते. संसर्गाची शंका आल्यास मात्र औषध तासाभरात सुरू करावे लागते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील संशोधकांनी गालाच्या फायावरून सुमारे २६ मिनिटांत निकाल देणारी चाचणी नवजात विभागात वापरून दाखवली. हा बदल केवळ आईकडून येतो. म्हणून चाचणी उपलब्ध नसेल, तेथे आईकडची आजी, मामा किंवा मावशीला इंजेक्शननंतर ऐकू येणे बंद झाले होते काय, हे विचारणे उपयुक्त असते. अपस्मारावरील कार्बामाझेपिन हे औषध देण्यापूर्वी एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार तपासल्यास स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा जीवघेणा त्वचाविकार टाळता येतो.

मुलांच्या मानसिक आजारांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुजनुकीय चाचण्यांचा आधार मात्र दुबळा आहे. नैराश्यात किंवा अतिचंचलतेत कोणते औषध लागू पडेल, हे अशा अहवालाच्या रंगीत तक्त्यांवरून ठरत नाही. अमेरिकेतील बाल व किशोर मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये या कारणासाठी त्या न वापरण्याची शिफारस केली. पालक मुलासाठी आशेने मोठा खर्च करतात, म्हणून ही मर्यादा त्यांना आधी स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

चाचणीचा निकाल आयुष्यभर लागू राहतो आणि टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५च्या सदोष प्रतीचे आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून अहवालाची प्रत रुग्णालयाच्या फाइलबरोबरच घरी लसीकरणाच्या कार्डाजवळ ठेवावी आणि डॉक्टर बदलल्यास ती पहिल्याच भेटीत दाखवावी.