ईएफ ६० टक्के, तरी धाप का लागते?

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ईएफच्या आकड्यावर जाते. ६० टक्के दिसले की 'हार्ट एकदम ओके'! पण ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) एवढंच सांगतो, की डाव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, साठलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर फेकलं गेलं. ते आत भरताना किती दाब लागला, हे त्यात नसतं. निलयाची भिंत ताठर झाली की डाव्या अलिंदातला (वरच्या कप्प्यातला) दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांत पोचतो आणि जिना चढताना धाप लागते.

हा दाब थेट मोजायचा तर शिरेतून फुगा असलेली नळी फुप्फुसाच्या धमनीत न्यावी लागते. ती काही प्रत्येकाला घालता येत नाही. अल्ट्रासाउंडला दाब कळत नाही, वेग कळतो. खरी गंमत इथेच आहे.

डाव्या अलिंद-निलयातल्या मायट्रल झडपेच्या पाकळ्यांच्या टोकांशी डॉप्लर (ध्वनिलहरींनी वेग मोजायची पद्धत) धरला की पडद्यावर दोन उंचवटे दिसतात. पहिला 'ई': निलय सैल पडताच आत धावणारं रक्त. दुसरा 'ए': अलिंद आकुंचन पावून ढकलतं ते. तरुणपणी ई उंच असतो. वय वाढतं तसं निलय सावकाश सैल पडतं, ई खुजा होतो आणि ए वर चढतो. रिपोर्टातलं 'ग्रेड १' बहुधा हेच. त्यात विश्रांतीच्या वेळी दाब सहसा वाढलेला नसतो. त्यावर 'हार्ट साफ करणारा' काढा विकत घ्यायची तर मुळीच गरज नाही.

आजार पुढे सरकला की अलिंदातला दाब वाढतो, रक्त जोरात ढकललं जातं आणि ई पुन्हा उंच होतो. आलेख थेट पंचविशीतल्या माणसासारखा!

सोंग ओळखायचं तर रक्त सोडून भिंतीकडे बघायचं. टिश्यू डॉप्लरमध्ये मशीनचे फिल्टर उलटे लावतात: रक्ताचा वेगवान, क्षीण प्रतिध्वनी गाळायचा आणि स्नायूचा संथ, ठसठशीत प्रतिध्वनी ठेवायचा. झडपेचं कडं निलय सैल पडताना किती वेगाने मागे सरकतं, तो वेग म्हणजे 'ई प्राइम'. आता ई भागिले ई प्राइम करा. समजा, एक तरुण आणि एक वयस्क रुग्ण, दोघांचाही ई सेकंदाला ९० सेंमी. तरुणाचा ई प्राइम १५, गुणोत्तर ६. वयस्क रुग्णाचा दोन निलयांमधल्या पडद्याच्या बाजूला ५, बाहेरच्या बाजूला ७, सरासरी ६, गुणोत्तर १५. स्नायू रक्ताला ओढून घेत नाही, मागून दाब ढकलतोय.

२०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सरासरी गुणोत्तर १४ च्या वर असणं हे वाढलेल्या दाबाचं लक्षण धरलं आहे. ८ ते १४ हा धूसर पट्टा. म्हणून जोडीला अलिंदाचं आकारमान (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३४ मिलीच्या वर) आणि उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून उलटं गळणाऱ्या रक्ताचा वेग (सेकंदाला २.८ मीटरच्या वर) बघतात. वेगाचा वर्ग गुणिले ४ केलं की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो, इथे सुमारे ३१ मिमी पारा.

चुका कुठे होतात? डॉप्लरची रेषा हालचालीच्या दिशेला ३० अंश तिरकी पडली, तर वेग १३ टक्क्यांनी कमी दिसतो. कड्यात कॅल्शियम साचलं असेल तर ते नीट सरकतच नाही, गुणोत्तर फुकट फुगतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (अलिंद नीट आकुंचन न पावता नुसतं थरथरतं तेव्हा) ए गायबच, शिवाय प्रत्येक ठोका वेगळा. मग अनेक ठोक्यांची सरासरी काढावी लागते.

आणि हे सगळं पेशंट निवांत पडलेला असताना मोजलेलं. धाप जिन्यावरच लागत असेल, तर सायकल मारायला लावून हेच आकडे पुन्हा घेतात.