उन्हात न दिसणारा भाव

लातूरकडच्या एका आडत दुकानासाठी मी सोयाबीनचा भाव दाखवणारं ॲप केलं होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक करडी अक्षरं, कोपऱ्यात शेंगेचं नाजूक चित्र. माझ्या खोलीत ते फार देखणं दिसायचं. ऑक्टोबरच्या उन्हात यार्डात गेलो, तर एक काका मोबाइलवर दस्तीची सावली धरून उभे. "भाऊ, काहीच दिसंना गेलंय की ह्याच्यात."

अक्षर वाचता येतं ते त्याच्या आणि मागच्या भागाच्या उजेडातल्या फरकामुळे. हा फरक गुणोत्तरात मोजतात. पांढऱ्यावर काळं असेल तर २१ : १. साध्या आकाराच्या मजकुरासाठी तो किमान ४.५ : १ असावा, असं वेबसाठीचे सुगम्यता निकष (वेबसाइट सगळ्यांना, कमी दिसणाऱ्यांनाही, वापरता यावी म्हणूनचे नियम) सांगतात. माझ्या करड्या अक्षरांचा भरला २.८५ : १.

त्यात ऊन. लक्स हे उजेड मोजायचं एकक. खोलीत काही शे लक्स उजेड असतो, भर दुपारी उघड्यावर तो लाखाच्या घरात जातो. काचेवरून परतणारा उजेड अक्षरावर आणि पांढऱ्या भागावर सारखाच चढतो. समजा पांढऱ्याचा उजेड ४०० एकक आणि गडद अक्षराचा ४०, म्हणजे दहापट फरक. दोन्हींत उन्हाचे २०० मिळवा. ६०० आणि २४०, उरली अडीचपट. माझं करडं अक्षर १४० चं. तिथे ६०० आणि ३४०, जेमतेम पावणेदोनपट. काकांच्या डोळ्यांत काहीच दोष नव्हता.

देवनागरीत हे आणखी नडतं. बारीक अक्षरातला अनुस्वार आधी विरतो आणि 'बंद'चं 'बद' होतं. १ आणि ९ तर लांबून एकसारखेच वाटतात. ४१०० आणि ४९०० यांत क्विंटलमागे ८०० रुपयांचं अंतर आहे, दहा क्विंटलला ८००० रुपये. हा फरक ज्याला डोळे बारीक करून शोधावा लागतो, त्याच्यासाठी ते ॲप सुंदर कसं म्हणायचं?

बटणांचंही तसंच. लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे बोट नेमकं टेकवायला वेळ लागतो, हा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला. पोती उतरवून आलेल्या माणसाला मोठंच बटण हवं.

आडतदाराला मात्र दुकानाचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं हवं होतं. त्यांचं चुकत नव्हतं, पैसा त्यांचा होता. पण भाव दिसत नसल्यामुळे शेतकरी फोन करत आणि मुनीम दिवसभर तेच उत्तर देत बसे. हे दाखवल्यावर ते लगेच मानले.

मला वाट सापडली ती पैठणीत. पैठणच्या विणकरांनी मोर, कमळ, नारळी काठ अशी सगळी हौस काठापदरावर केली आणि अंग बऱ्यापैकी मोकळं सोडलं. भावाचा पडदा म्हणजे अंग. तिथे आता पांढऱ्यावर ठसठशीत काळा आकडा, खाली तारीख, एक रुंद बटण, बस्स.

शेंगेचं चित्र मी टाकून दिलं नाही. माल विकला की हिशेबाची पट्टी उघडते, तिच्या काठाने हिरव्या शेंगांची ओळ फिरते आणि तळाशी दुकानाचं नाव येतं. ती पट्टी लोक घरी पाठवतात.