अगम्य दिसणारी डीबीएम फाइल कूटबद्ध नसते

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराने ग्राहकाचा मोबाइल क्रमांक ही ‘की’ (नोंद शोधण्याची खूण) आणि त्याचे नाव, पत्ता व येणे बाकी हे मूल्य, अशा जोड्या डीबीएम (‘की’वरून मूल्य शोधून देणारा छोटा डेटाबेस) प्रकारच्या साध्या फाइलमध्ये साठवल्या, तर नोटपॅडमध्ये ती उघडल्यावर विचित्र चिन्हे दिसतात. त्यावरून आतील माहिती आपोआप कूटबद्ध, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे.

केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या मूळ डीबीएमपासून या फाइलींत हॅशिंग (‘की’वरून गणिताने ठरावीक लांबीचा आकडा काढणे) आहे, पण ते नोंद झटपट सापडावी म्हणून, मजकूर लपावा म्हणून नव्हे. युनिक्सवरील, फाइलमधला वाचनीय मजकूर दाखवणारी ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा चालवली, की रोमन लिपीतील नावे आणि क्रमांक जसेच्या तसे समोर येतात.

केवळ मूल्ये कूटबद्ध केल्यानेही भागत नाही, कारण ग्राहकांचे क्रमांक उघडेच राहतात. त्यांचा नुसता हॅश ठेवणे मला विशेष घातक वाटते: भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होत असल्याने शक्यता फार तर ४०० कोटी, आणि त्या सगळ्यांचे हॅश काढून ताडून पाहणे आजच्या संगणकाला जड नाही. म्हणून ‘की’साठी गुप्त किल्ली वापरून काढलेला हॅश, म्हणजे एचमॅक, वापरावा. मूल्यांसाठी एईएस-जीसीएम (मजकूर लपवणारी आणि त्यातील फेरफार ओळखणारी पद्धत) योग्य. मात्र प्रत्येक लेखनाला नवा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) हवा, आणि कूटबद्ध करतानाच ‘की’ त्या मूल्याशी जोडलेली हवी, नाहीतर एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर गुपचूप हलवता येते. गुप्त किल्ली त्याच फोल्डरमध्ये ठेवू नये.